सेवा आणि आतली साफसफाई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला, ‘निष्काम सेवा आणि अध्यात्म’. मी म्हटलं, मी काही कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. बँकेत आकडेमोड करण्यात आयुष्य गेलं. त्यावर समितीतली मुलं म्हणाली, “काका, तुम्ही नऊ वर्षं सेक्रेटरी होतात. सेवेवर तुम्ही नाही बोलायचं तर कोणी?” हे ऐकून खरं सांगतो, मला थोडं लाजल्यासारखं झालं. का, ते पुढे सांगतो. पण त्याच कारणासाठी मी हो म्हटलं.

आपल्याकडे सेवा हा शब्द फार सढळ हातानं वापरतात. देवाची सेवा, रुग्णसेवा, समाजसेवा, आणि नोकरीतून निवृत्त झालो तरी आपण ‘सेवानिवृत्त’च होतो. सहकारी सोसायटीचं काम हीसुद्धा सेवाच. कार्यकारिणीला पगार नसतो. टँकर आला नाही की रात्री अकराला फोन सेक्रेटरीला. लिफ्ट बंद पडली की शिव्या चेअरमनना. हिशेब जुळला नाही की झोप खजिनदारांची उडते. पंचवीस वर्षं ज्यांनी ज्यांनी हे केलं, त्या सर्वांना मी आधी हात जोडतो. पण आज प्रश्न वेगळा आहे. हे सगळं करताना आपल्या आत काय चाललेलं असतं?

या प्रश्नाचं उत्तर मला ज्या पुस्तकात सापडलं, त्याची जन्मकथा आधी सांगतो. १९३२ साल. सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती आणि धुळ्याच्या तुरुंगात शेकडो सत्याग्रही होते. त्यांत विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर कोण? शिकलेले होते, न शिकलेले होते, व्यापारी होते, शेतकरी होते. आणि ‘श्यामची आई’ लिहिणारे आपले साने गुरुजीही तिथेच कैदेत होते. त्यांनी ही प्रवचनं भराभर लिहून घेतली. तेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक. आज आपण ते घरात आरामखुर्चीत बसून वाचतो, पण ते सांगितलं गेलं बराकीत, ज्यांच्या हातात त्या वेळी दळण दळण्यापलीकडे काही उरलं नव्हतं अशा माणसांना.

त्यातला चौथा अध्याय माझ्या दृष्टीनं आपल्या कामाचा. गीतेत चौथ्या अध्यायात भगवंत म्हणतात की कर्म समजून घ्यावं, विकर्म समजून घ्यावं आणि अकर्मही समजून घ्यावं. आता विकर्म म्हणजे काय? बऱ्याच जुन्या भाष्यकारांनी त्याचा अर्थ निषिद्ध कर्म, करू नये ते कर्म, असा केला. ज्ञानेश्वर माउलींनी विशेष, विहित कर्म असा घेतला. विनोबांनीही ‘वि’ म्हणजे विशेष असं धरलं आणि त्याला आपला अर्थ दिला. बाहेरून हातांनी करायचं ते कर्म. ते करत असताना आत मनानं करायचं ते विकर्म. मन तपासणं, त्यातला राग-लोभ काढणं, जे काम करतोय त्यात जीव ओतणं. बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची जोड मिळाली की कामाचं ओझं वाटेनासं होतं, केल्यासारखंच वाटत नाही. ते अकर्म. विनोबा उदाहरण देतात आईचं. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते. तसं पाहिलं तर काय, एक हात एका पाठीवरून फिरला. पण त्यात तिचं मन ओतलेलं असतं, म्हणून मूल शांत झोपतं.

आता ही जोड नसली तर काय होतं, त्याचं उदाहरण मात्र मी माझं स्वतःचं देणार आहे.

सोसायटी स्थापन झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी सेक्रेटरी झालो. जुन्या लोकांना आठवत असेल, तेव्हा पाण्याचा किती त्रास होता. संध्याकाळी साडेसातला घरी यायचो, चहा घ्यायचो आणि खाली ऑफिसात बसायचो ते दहापर्यंत. मुलांचा अभ्यास सौ.नेच घेतला. एकदा ती म्हणाली, “तुम्ही हे सोसायटीसाठी करता, की सोसायटीत आपलं नाव व्हावं म्हणून?” मी चिडलो. इतका चिडलो की त्या रात्री जेवलो नाही. आज कळतं, प्रश्न खोटा असता तर इतका राग आला नसता.

मग २६ जुलै २००५ चा तो दिवस. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याही तळमजल्यावर पाणी शिरलं. आठवतंय ना? वरच्या मजल्यांवरची दारं सताड उघडी होती. तळमजल्यावरची कुटुंबं वर, रस्त्यात अडकलेली अनोळखी माणसं जिन्यात. कुणाच्या घरी पिठलं, कुणाच्या घरी भात, मेणबत्त्या कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही. त्या रात्री कोणी यादी केली नाही, कोणी फोटो काढला नाही. आपण सगळेच त्या रात्री फार चांगले होतो.

आणि पंधरा दिवसांनी काय झालं? आभाराचा फलक लावायचा ठरलं. त्यावर कोणाची नावं, कोणाची आधी, कोणाची राहिली, यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. फलक करणारा मीच होतो. माझं नाव मी सर्वांत वर लिहिलं होतं, ‘सेक्रेटरी’ या नात्यानं. म्हणजे पुराच्या रात्री आम्ही सेवा केली ती खरीच होती. पण पाणी ओसरल्यावर आतला गाळ दिसला.

यानंतरची गोष्ट सांगायला मला कठीण जातंय. पण ज्यांच्याबद्दल आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नाव सांगणार नाही, आणि कोणी अंदाजही करू नये, ही विनंती.

एका सभासदांचा मेंटेनन्स पाच महिने थकला होता. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. मग थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावली. यादी कसली, नाव एकच होतं. ते मी लाल शाईनं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि २१ टक्के दरानं व्याजाचा आकडा घातला. उपविधींत तेव्हा याहून जास्त व्याज लावता येत नव्हतं, म्हणून तिथे थांबलो. सगळं नियमात होतं. मला वाटत होतं, मी सोसायटीचं हित बघतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं तर त्यांची शाळकरी मुलगी दोन मैत्रिणींबरोबर बोर्डासमोर उभी होती. मैत्रिणींनी वाचलं. तिनं वाचलं. मग तिनं मान खाली घातली आणि जिना चढून गेली. मैत्रिणी खालीच थांबल्या. मी हे पाहिलं. मला उठून ती नोटीस काढता आली असती. चार पावलांवर बोर्ड होता. मी उठलो नाही. उलट मनात आलं, बरं झालं, आता तरी बाप पैसे भरेल. नोटीस पूर्ण महिना तिथेच होती.

नंतर कळलं की त्या गृहस्थांची कंपनी बंद पडली होती. घरातही त्यांनी दोन महिने सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पुढे दुसरं काम मिळालं, त्यांनी पै-पै भरली, व्याजासकट. पण त्यानंतर आम्ही दोघं लिफ्टमध्ये समोरासमोर आलो की ते आकड्यांकडे बघायचे आणि मी चपलांकडे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, २० ते २२ श्लोकांत. मला वाटतं ते सेवेलाही जसेच्या तसे लागू पडतात. एक, कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. ते सात्त्विक. दुसरं, परत काही मिळावं म्हणून किंवा कुरकुरत, जिवावर येऊन दिलेलं. ते राजस. आणि तिसरं, अवेळी, अनादरानं, समोरच्याचा अपमान करून दिलेलं. ते तामस. आपण समजतो, दान दिलं ना, सेवा केली ना, मग झालं. गीता म्हणते, नाही. काम एकच असेल, पण करणाऱ्याच्या मनावरून त्याचा वर्ग ठरेल. माझी नऊ वर्षं मी या तीन खणांत टाकून पाहिली. पुराची रात्र पहिल्या खणात. फलक दुसऱ्यात. आणि ती लाल शाई तिसऱ्यात.

हे मला लगेच सुचलं नाही, बरं का. आधी माझं पद जावं लागलं. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत नवीन कार्यकारिणी निवडून आली. मी त्यात नव्हतो. सभा संपली, चहा झाला, सगळे घरी गेले. नऊ वर्षांबद्दल कोणी दोन शब्द बोललं नाही. मी इतका दुखावलो की दोन वर्षं गणपतीला खाली उतरलो नाही. मूर्ती येताना खिडकीतून पाहायचो. घरच्यांना सांगायचो, गुडघा दुखतोय.

त्या रुसव्याच्या दिवसांत वाचनालयातून ‘गीता प्रवचने’ आणलं. चौथा अध्याय वाचून मी पुस्तक मिटलं. फळाची इच्छा सोडा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्या अध्यायातला तो सत्तेचाळिसावा श्लोक तर सगळ्यांना पाठ. मला वाटायचं, मी पगार घेत नाही, कमिशन घेत नाही, म्हणजे मी निष्काम. पण आभाराची इच्छा हेही फळच की! आणि माझा हुकूम चालावा, ही त्याहून मोठी इच्छा. पैसे न घेणारा माणूस या दोन्हींची वसुली फार कडक करतो.

अशा वेळी मोठ्या माणसांकडे पाहावं. विनोबांचंच बघा. १९४६ नंतर पवनारच्या आश्रमातून ते जवळच्या सुरगावला रोज चालत जायचे, खांद्यावर फावडं घेऊन. कशाला? गावातला मैला साफ करायला. एकदा पावसानं वाटेतला नाला भरून वाहत होता. पलीकडे जाता येईना. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं की गावच्या देवळातल्या देवाला निरोप दे, सफाईवाला आला होता, पुरामुळे पलीकडे येता आलं नाही. आणि परत फिरले. गावात कोणी वाट बघत नव्हतं, हजेरी घेत नव्हतं. देवाला हजेरी दिली आणि आश्रमात परत. मी जर त्या काठावर असतो, तर पुढच्या सभेत सांगितलं असतं की भर पुरातसुद्धा मी नाल्यापर्यंत गेलो होतो!

दुसरे आपले गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ मध्ये घर सोडलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची. दोन्ही झाडणं एकाच माणसाकडे होतं, हे लक्षात घ्या. लोकांनी दिलेल्या पैशातून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बांधून देऊन टाकायची, आणि आपण पुन्हा खराटा घेऊन पुढच्या गावी. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. गावाकडून येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही तिथे उतरतात. आपल्यापैकी काहींनी तिथे डबे पोचवले आहेत, मला माहीत आहे. त्यांना नाव घेतलेलं आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

ही माणसं फार उंच, आपण संसारी. मग आपण काय करायचं? सहाव्या अध्यायाचा पाचवा श्लोक सांगतो की आपला उद्धार आपणच करायचा. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. म्हणजे माझ्या मनाची साफसफाई करायला कोणी कंत्राटदार येणार नाही. आपण सहा महिन्यांनी खालची टाकी साफ करतो. पाणी वरून स्वच्छच दिसतं. पण टाकी उपसली की तळाशी बोटभर गाळ निघतो. आणि एकदा साफ केली म्हणून कायमची साफ राहत नाही. मनाचं तसंच.

मी काय केलं, तेवढं सांगतो. एका रविवारी सकाळी त्या सभासदांच्या घरी गेलो. दाराशी उभा राहिलो, बेल वाजवायला हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. शेवटी वाजवली. दार त्यांच्या मुलीनंच उघडलं. आता कॉलेजात होती. मी आत गेलो आणि दोघांसमोर म्हटलं, “ती नोटीस मी लावली, ती चूक होती. आणि मुलगी वाचत होती तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. उठलो नाही. ती जास्त मोठी चूक होती.” बराच वेळ कोणी बोललं नाही. मुलगी उठून आत गेली. मग ते म्हणाले, “नियमानं तुमचं बरोबर होतं हो. पण आज वाजवलीत ना बेल, ती तेव्हा एकदा वाजवली असतीत तर बरं झालं असतं.”

चहा मुलीनंच आणून दिला. ती काही बोलली नाही. तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलंही नाही. तेसुद्धा फळच झालं असतं.

त्यानंतर मी कार्यकारिणीला एक पत्र दिलं. कोणाचंही नाव बोर्डावर लावण्याआधी कार्यकारिणीतल्या दोघांनी त्या घरी जाऊन, बसून, विचारावं. कार्यकारिणीनं ते मान्य केलं आणि आज इतकी वर्षं आपल्याकडे ते पाळलं जातं. वसुली थांबली नाही. वसुली व्हायलाच हवी, इतरांच्या पैशावर सोसायटी चालवणं हाही अन्यायच. पण गेल्या काही वर्षांत बोर्डावर नाव लावायची वेळ क्वचितच आली. बहुतेक वेळा बेल वाजवल्यावर कळतं की घरात आजारपण आहे, नाहीतर नोकरी गेली आहे, नाहीतर पाईपगळतीचा राग आहे. मग हप्ते ठरतात किंवा प्लंबर जातो. नियम तोच आहे. तो घेऊन जाणाऱ्याचं मन थोडं बदललं, एवढंच.

भाषणाची परवानगी मागायला परवा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते हसून म्हणाले, “सांगा खुशाल. व्याजाचा दर मात्र नक्की सांगा.” म्हणून तो मी सांगितला.

नव्या कार्यकारिणीतल्या तरुणांना माझ्या अनुभवातून तीनच गोष्टी सांगतो. पहिली, रागात असताना नोटीस लिहू नका. लिहिलीच तर रात्रभर खणात ठेवा. आता तर व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथे खणही नाही, म्हणून जास्त जपा. दुसरी, दिवसातून एक काम असं करा की जे कोणाला कळणार नाही. जिन्यातला कागद उचला, चालू राहिलेला दिवा बंद करा आणि घरी येऊन बायकोलाही सांगू नका. मी सांगतो, कागद उचलणं सोपं आहे, न सांगणं फार कठीण आहे. तिसरी, घरच्यांनी टोकलं तर ऐका. बाहेर कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. खरं काय ते घरातलं माणूस सांगतं. सौ. समोर बसली आहे, तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी आज इतक्या वर्षांनी देतो. तेव्हा मी नावासाठीच करत होतो. सोसायटीसाठीही करत होतो, पण नावासाठी जास्त.

शेवटची एक विनंती. या वर्षी स्मरणिका निघते आहे. त्यात पंचवीस वर्षांच्या सर्व कार्यकारिणींची नावं येतील. माझंही येईल. पण रोज पहाटे आपण उठण्याआधी जिने झाडून जाणाऱ्या मावशी, रात्री जागणारे वॉचमन, टाकीत उतरणारी माणसं, यांची नावं पण यावीत. त्यांना आपण पगार देतो हे खरं. पण पगार कामाचा असतो, आदराची बाकी वेगळी राहते. आणि ती थकबाकी आपण सगळ्यांचीच आहे.

(ही विनंती संपादक मंडळाने मान्य केली असून ती यादी कार्यकारिणींच्या यादीच्या आधीच्या पानावर छापली आहे. – संपादक)

उद्या सकाळी आठ वाजता विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला जायचं आहे. हातमोजे समिती देणार आहे. मी येतो आहे, गुडघा आता बरा आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं.

 गणपती बाप्पा मोरया!